मॅगव्हील, वूफर आणि कलम ५२

जुनी गाडी घ्यायची, कंपनीच्या काळ्या लोखंडी डिस्क काढून मॅगव्हील बसवायचे, रुंद टायर चढवायचे, डिकीत वूफरचा डबा ठेवायचा आणि दारात मोठे स्पीकर बसवायचे, ही हौस आता केवळ बंगल्यातल्या मुलांची राहिलेली नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकानांत एखाद्या रविवारी चक्कर मारली तर आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण तेथे भेटतात. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी कुरिअरमध्ये आहे, कोणाला नुकतीच नोकरी लागली आहे. चार पैसे जमले, उरलेले कर्ज काढले आणि गाडी दारात आली. आता ती शेजारच्या गाडीपेक्षा वेगळी दिसली पाहिजे, एवढीच त्याची इच्छा असते.

या हौसेवर टीका करणारे दोन प्रकारचे लोक आम्हाला भेटतात. पहिले म्हणतात, "यांना पैसा आला आणि माज आला." त्यांना उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. त्यांच्या मुलाच्या गाडीला तीच चाके असली की ती 'पॅशन' ठरते आणि आपल्या मुलाच्या गाडीला असली की 'टपोरीपणा' ठरतो. दुसरे टीकाकार आपल्याच घरातले आहेत. वडीलधारी माणसे म्हणतात, "तीस हजारांची चाके घेण्यापेक्षा भावाच्या शिक्षणाची फी भरली असती." या बोलण्यात वजन आहे. परंतु नुसते रागावून कोणी हौस सोडत नाही. उलट तो घरी न सांगता, पावती न घेता, स्वस्तात स्वस्त माल बसवून येतो आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो. म्हणून गाडी सजवावी की सजवू नये या वादात आम्ही पडत नाही. आपण काय बसवतो आहोत, त्याने गाडीच्या यंत्राचे काय होते, कायदा काय म्हणतो आणि उद्या काही विपरीत घडले तर भुर्दंड कोणावर पडतो, एवढे तरी प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

गाडी ही वस्तू आपल्या समाजाला नुसती वस्तू कधीच नव्हती. १९०१ च्या सुमारास मसूर स्टेशनवरून कोरेगावला निघालेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, या अटीवर ती मिळाली. पुढे १९२९ साली, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना चाळीसगावला टांगेवाल्यांनी टांग्यात घेण्यास नकार दिला. तेव्हा तेथील बांधवांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. पाहुणा पायी चालत गेला तर त्याचा मान जाईल, ही त्यांची भावना होती. वाटेत टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. या प्रसंगावर त्यांनी पुढे जे लिहिले त्याचा आशय असा की, लोकांनी प्रतिष्ठा राखण्याचा विचार केला, पण प्रवाशाची सुरक्षितता प्रतिष्ठेहून मोठी असते हे ते विसरले. जवळपास शंभर वर्षांनी, टांगा जाऊन मोटार आली तरी हा धडा तसाच लागू आहे. मान हवाच. तो मिळवताना गाडीत बसलेल्या माणसाचा जीव पणाला लागता कामा नये.

आता प्रथम चाकाकडे येऊ. चाक गोल असले आणि नट बसले म्हणजे ते गाडीला बसले, असा समज सर्वत्र आहे. वास्तविक प्रत्येक चाकाला तीन-चार मापे असतात आणि ती जुळल्याशिवाय चाक त्या गाडीचे होत नाही. पहिले माप म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास. दुकानदार त्याला 'पीसीडी' म्हणतात. मारुतीच्या स्विफ्टला चार नट आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ लागते. फियाटच्या पालिओ, पुंटो या गाड्यांना चार नट पण ९८ मिलिमीटरचे वर्तुळ असे. फरक फक्त दोन मिलिमीटरचा. पाना जोरात ओढला तर एकाचे चाक दुसऱ्याला बसल्यासारखे वाटते. परंतु त्या वेळी स्टड तिरपे ताणले जातात, नट आपल्या जागी पूर्ण टेकत नाही आणि हा ताण प्रत्येक खड्ड्यागणिक वाढत जातो. स्टड तुटतो तो दुकानासमोर नव्हे, घाटात तुटतो.

दुसरे माप मधल्या भोकाचे. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातील मॅगव्हील अनेक गाड्यांना चालावे म्हणून त्याचे भोक मुद्दाम मोठे ठेवतात, पुष्कळदा ७३.१ मिलिमीटरचे. मधली पोकळी भरण्यासाठी त्यात मापाची रिंग घालावी लागते. ती घातली नाही तर चाक नेमके मध्यावर येत नाही. ऐंशीच्या वर गेले की स्टिअरिंग थरथरते आणि मालक बिचारा पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो. रिंगची किंमत चाकाच्या तुलनेत काहीच नसते, पण ती मागायची असते हेच गिऱ्हाइकाला माहीत नसते.

तिसरे माप ऑफसेटचे, म्हणजे चाक आत किती आणि बाहेर किती राहणार याचे. गाडी रुंद आणि दणकट दिसावी म्हणून चाक बाहेर काढायचे, त्यासाठी मध्ये स्पेसर घालायचे, ही सध्या फार आवडती गोष्ट आहे. चाक जितके बाहेर जाईल तितका बेअरिंगवरचा आणि सस्पेन्शनवरचा भार बदलतो. टायर मडगार्डच्या बाहेर आला की पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल आणि खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडते. चौथी गोष्ट नटाची. काही कंपन्यांच्या चाकाला गोल बुडाचा नट लागतो, तर बाजारातील बहुतेक मॅगव्हीलना निमुळता लागतो. जुनाच नट नव्या चाकाला लावला तर तो दिसायला घट्ट आणि प्रत्यक्षात सैल राहतो. म्हणूनच नवे चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, हा नियम जाणते मेकॅनिक पाळतात.

टायरच्या आकाराचा हिशेब तर शाळेतल्या गणितासारखा आहे. स्विफ्टच्या एका पिढीत खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर होता. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येई. त्याचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर. म्हणजे कंपनीने चाक एक इंचाने मोठे केले, पण टायरची उंची त्या प्रमाणात कमी करून एकूण व्यास जवळजवळ तोच ठेवला. आता एखाद्याने हौसेने २०५/६५ आर १६ चढवला तर व्यास ६७३ होतो, म्हणजे साडेआठ टक्क्यांहून अधिक वाढतो. काटा ८० दाखवत असताना गाडी हिशेबाने सुमारे ८७ च्या वेगाने धावत असते. ब्रेक मात्र जुन्या चाकाच्या हिशेबाने दिलेले असतात. वळताना टायर आतून घासतो तो निराळाच. दुसऱ्या बाजूने फार चपटा टायर घेतला तर खड्ड्याचा मार झेलायला रबरच उरत नाही. लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकते, ती ठोकून सरळ करता येते. हलक्या प्रतीचे ओतीव मॅगव्हील वाकण्याऐवजी तडकते. आपल्या रस्त्यांची अवस्था पाहता हा फरक प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. २००० साली या कायद्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीच्या उद्देशपत्रातच, अधिक क्षमतेचे टायर बसवण्यासह कोणत्याही प्रकारचा बदल रोखणे हा हेतू नमूद केलेला आहे. पुढे ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या केरळमधील प्रकरणात हाच अर्थ पक्का केला आणि मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला परवानगी देणारा उच्च न्यायालयाचा निकाल रद्द ठरवला. त्याच वर्षी संसदेने कलम १८२-अ आणले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू झाले. त्याच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचावेत.

मग मॅगव्हील बसवणे हा गुन्हा आहे काय? कायद्याने 'बदल' या शब्दाची व्याख्या दिली आहे. वाहनाच्या रचनेत असा फेरफार की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, तो बदल. तेव्हा त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला उत्पादकाने स्वतः दिलेले चाक आणि टायर आपल्या गाडीला बसवले तर ते मूलभूत स्वरूपात बसणारे नाही, असे ठामपणे मांडता येते. हे आमचे वकील म्हणून मत आहे. परंतु स्पेसर घालून मडगार्डबाहेर आलेली, दोन-तीन इंचांनी मोठी चाके घेऊन कोणी आमच्याकडे आला तर त्याची बाजू मांडणे कठीण आहे. अपंग व्यक्तीला चालवता यावे म्हणून वाहन जुळवून घेण्याची वाट याच कायद्याने मोकळी ठेवली आहे. सीएनजी किट बसवण्याची रीतही कायद्यात आहे. म्हणजे कायद्याचा बदलाला सरसकट विरोध नाही. बदलाची गरज आणि सुरक्षितता कोणीतरी तपासली पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह आहे.

स्पीकरची गोष्ट चाकापेक्षा वरवर निरुपद्रवी वाटते. कंपनी खालच्या मॉडेलला नुसती वायर देते किंवा दोन साधे स्पीकर देते. त्या जागी साडेसहा इंची चांगले स्पीकर आणि साधा डेक बसवला तर कोणाचे काही बिघडत नाही. गाडीची मूळ वायर न कापता मापाचा कपलर लावून हे काम होते आणि उद्या गाडी विकताना जुने स्पीकर परत जागेवर जातात. अडचण सुरू होते ती अॅम्प्लिफायर आणि वूफर आल्यावर. खोक्यावर हजार-दोन हजार वॉट छापलेले असते. तो आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. पाहायचा आकडा 'आरएमएस' वॉटचा, जो सहसा कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो आणि पुष्कळदा नसतोच.

समजा खरोखरच ६०० वॉट आरएमएसचा अॅम्प आहे. तो घेतलेल्या विजेपैकी साठ टक्के आवाजासाठी वापरतो आणि उरलेली उष्णतेत घालवतो असे धरले, तर त्याला बॅटरीकडून सुमारे हजार वॉट लागतात. तेरा व्होल्टने भागले की ७५ अँपिअरच्या पुढे प्रवाह जातो. लहान गाडीचा अल्टरनेटर दिवे, पंखा, एसी साऱ्यांना मिळून जेमतेम तेवढीच वीज देतो. तेवढा प्रवाह वाहणारी वायर बोटभर जाड आणि शुद्ध तांब्याची लागते. बाजारात मात्र तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपते. ती लवकर तापते. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज बसवला नाही तर वायर कोठेही सोलली गेली की तिचा स्पर्श गाडीच्या पत्र्याला होतो आणि बॅटरीची सारी ताकद त्या एका जागी पेट घेते. लक्षात ठेवा, हा फ्यूज अॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. इंजिनच्या बाजूने वायर आत घेताना पत्र्याच्या भोकाला रबरी बूच लावले नाही तर रोजच्या हादऱ्याने पत्राच वायर कापतो.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एका टुरिस्ट चालकाची गाडी रात्री उभ्या जागी जळाली. दोन महिन्यांपूर्वी त्याने अॅम्प आणि वूफर बसवले होते. सर्व्हेअरने अहवालात लिहिले की, बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेल्या वायरला फ्यूज नव्हता आणि या वस्तूंची नोंद पॉलिसीत नव्हती. विमा कंपनीने दावा साफ फेटाळला. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "हा माणूस आमचा गिऱ्हाईकच नाही." पावती नव्हती. शेवटी बरीच खटपट करून तडजोडीत काही रक्कम हाती आली, पण फायनान्सचे हप्ते त्याला पूर्ण भरावे लागले. गाडी गेली, धंदा गेला आणि हप्ते राहिले. हौस किती हजारांची होती आणि किंमत काय मोजावी लागली याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वास्तविक यावर उपाय सोपा आहे. गाडीसोबत न आलेल्या विजेच्या वस्तूंचा विमा स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय मोटार विम्यात कित्येक वर्षांपासून आहे. जुन्या टॅरिफप्रमाणे त्याचा जादा हप्ता वस्तूच्या किमतीच्या चार टक्के असे. तीस हजारांच्या सिस्टीमला बाराशे रुपये. चाके किंमतवार निराळी दाखवता येतात. ज्यांनी हे केले नाही त्यांचेही सारे दार बंद होत नाही. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी तो मूलभूत नसेल तर दावा पूर्ण नाकारू नये, काही टक्के कापून तरी द्यावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या नितीन खंडेलवाल आणि २०१० च्या अमलेंदू साहू या प्रकरणांत घेतलेली आहे. चोरी झाली असेल आणि चाकाचा चोरीशी काही संबंध नसेल तर हा मुद्दा जरूर मांडावा. आपल्या गाडीने दुसऱ्याला अपघात झाला असेल तर कलम १५० मध्ये विमा कंपनीला घेता येणारे बचाव मोजून दिलेले आहेत. 'गाडीला वेगळी चाके होती' असा बचाव त्यात शब्दाने नाही. परंतु विमा घेताना महत्त्वाची गोष्ट दडवली, हा बचाव आहे. म्हणून दडवू नका, लिहून कळवा आणि पोहोच घ्या.

आवाजाचा कायदाही वेगळा सांगितला पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालय, न्यायालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर जो सविस्तर निकाल दिला त्यात शांत झोप आणि शांतता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. गाडीची दारे उघडी टाकून चौकात वूफर वाजवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) लागू शकते. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. ज्याचे पोट परवान्यावर आहे त्याने शेवटचे शब्द वाचावेत.

हा आवाज सर्वांत आधी आपल्याच वस्तीत घुमतो, याचा विचार होणे गरजेचे आहे. आपली घरे पत्र्याची, भिंतीला भिंत लागलेली. वूफरचा खालचा सूर भिंत अडवत नाही, पत्रा तर त्याच्यासोबत थरथरतो. पलीकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत कोणाची दहावीची परीक्षा असते, कोणी रात्रपाळी करून झोपलेले असते. गाडीत बसलेल्याचे कानही सुरक्षित नाहीत. ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला आठ तासांहून अधिक राहू नये, असे ध्वनी-आरोग्याचे प्रमाण आहे आणि दर तीन डेसिबलमागे तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. बंद काचेच्या गाडीत वूफर १०० सहज गाठतो. कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आणि मागून येणाऱ्या अॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला नाही तर त्या अॅम्ब्युलन्समध्ये आपलीच आई असू शकते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या गाड्यांबाबतही आमचे हेच म्हणणे आहे. इतरांच्या मिरवणुकांचे आवाज पोलिसांना ऐकू येत नाहीत आणि आपलेच येतात, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यासाठी भांडलेही पाहिजे. पण कानाच्या पडद्याला सण कोणाचा हे कळत नाही.

आता मूळ प्रश्न. या साऱ्यात दंड कोण भरतो? कलम १८२-अ मालकावर आहे तसेच विकणाऱ्यावरही आहे. सरकारने सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला आणि निकषात न बसणारा भाग विकणाऱ्याला, त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड सांगितला आहे. मालकाला पाच हजार आणि विकणाऱ्याला एक लाख, म्हणजे कायदा करणाऱ्यांना दोष कोणाचा मोठा हे ठाऊक होते. प्रत्यक्षात काय दिसते? जप्त केलेले दुचाकींचे कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत नेहमी पाहतो. ते सायलेन्सर उघड्या दुकानात, दिवसाढवळ्या, ज्याने विकले त्याच्या दुकानावर रोडरोलर सोडाच, साधी नोटीसही चिकटल्याचे छायाचित्र आमच्या पाहण्यात नाही. नाक्यावर उभा असलेला पोलीस मालकाला थांबवतो, कारण मालक रस्त्यावर असतो. उत्पादक आणि घाऊक विक्रेता रस्त्यावर नसतात. कायद्याचे वरचे टोक कागदावर राहते आणि खालचे टोक गरिबाच्या खिशाला लागते, हा आपल्या देशाचा जुना अनुभव आहे. परिवहन विभागाने नाक्यावर जेवढ्या गाड्या तपासल्या तेवढी दुकाने आणि गोदामेही तपासावीत, ही मागणी आपल्या संघटनांनी लेखी निवेदनाने केली पाहिजे. किती दुकानांवर कारवाई झाली, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतो.

दुसरा मुद्दा ही कामे करणाऱ्या पोरांचा. दुकानाबाहेर फुटपाथवर बसून चाके बदलणारी, डॅशबोर्ड खोलून वायरिंग करणारी मुले बहुतेक आपल्या किंवा मुस्लिम वस्तीतली असतात. त्यांना रोजंदारी मिळते, शिक्षण मिळत नाही. उस्तादाने जे दाखवले तेच ती करतात. पीसीडी आणि फ्यूजचा हिशेब त्यांना कोणी शिकवलेला नसतो. काही जळाले की दुकानदार हात वर करतो आणि बोट त्या पोराकडे जाते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि वाहनांच्या विजेच्या कामाचे अभ्यासक्रम आहेत. हात आधीच चालतो आहे, त्याला प्रमाणपत्राची जोड मिळाली तर हाच मुलगा उद्या स्वतःचे दुकान टाकेल. जेथे माप मोजून, पावती देऊन, फ्यूज लावून काम होते अशा दुकानाची बाजारात वाण आहे. ती जागा आपल्या मुलांनी घ्यावी.

तरुण मित्रांनो, गाडी सजवायचीच असेल तर चार गोष्टी पाळा. आपल्या मॉडेलला उत्पादकाने दिलेलीच चाकाची मापे कागदावर लिहून दुकानात जा आणि स्पेसरला स्पष्ट नकार द्या. अॅम्प बसवणार असाल तर फ्यूज आणि तांब्याची वायर डोळ्यांदेखत बसवून घ्या. बसवलेल्या प्रत्येक वस्तूची नावासह पक्की पावती घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आणि जुनी चाके, जुने स्पीकर भंगारात घालू नका, गाडी विकताना आणि पासिंगच्या वेळी तीच कामी येतात. माल खराब निघाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. स्वतः उभे राहून बोलता येते. फक्त हातात पावती हवी.

ज्यांना एके काळी दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळत नव्हता त्यांची नातवंडे आज स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसली आहेत. ही गोष्ट लहान नाही आणि तिचा अभिमान बाळगण्यात काही गैर नाही. पण गाडीचे कागद, गाडीचे माप आणि गाडीत बसलेल्यांचा जीव या तीन गोष्टी ज्याच्या हातात सुरक्षित आहेत तोच खरा गाडीमालक. नाक्यावर गाडी अडवली गेली तर मान खाली घालून चिरीमिरी देण्याची पाळी आपल्यावर येऊ नये. खिशातून कागद काढून, कलम सांगून, सरळ नजरेने बोलता आले पाहिजे. त्यासाठी मॅगव्हील घेण्याआधी कलम ५२ वाचा, एवढेच आमचे सांगणे आहे.